धुऱ्यावरचे जांभूळ

सिद्धार्थ गौतमाचे पहिले ध्यान पिंपळाखाली लागले नव्हते. ते लागले शेताच्या कडेला, जांभळीच्या सावलीत, समोर काम चालू असताना. मज्झिमनिकायातल्या महासच्चक सुत्तात ही आठवण खुद्द बुद्धांच्या तोंडी आहे. वडील कामात होते, आपण जांभळीखाली बसलो होतो, आणि चित्त आपोआप स्थिरावले. पुढे उपासतापासाने देह खंगवूनही हाती काही लागेना, तेव्हा बालपणीची हीच आठवण त्यांना वाट दाखवून गेली. ‘निदानकथा’ या पाली बुद्धचरित्रात याच प्रसंगाचा थाट वाढतो. तिथे वप्पमंगलाचा म्हणजे नांगर धरण्याचा सण आहे, राजा स्वतः औत धरतो आणि दाया बाळाला झाडाखाली सोडून सोहळा बघायला जातात. संस्कृत कवी अश्वघोषाने ‘बुद्धचरिता’त कथेचा नूर बदलला. त्याच्या राजपुत्राला तासाखाली चिरडलेले किडे दिसतात, ऊन-वारा-धुळीने काळवंडलेली माणसे दिसतात, दमलेले बैल दिसतात. तो कासावीस होतो आणि मग जांभळीखाली जाऊन बसतो. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सिद्धार्थाला शेतावर नेले ते वेगळ्या कारणाने. अपुऱ्या कपड्यांत, रणरणत्या उन्हात नांगरणारे आणि बांध घालणारे मजूर त्याला दिसतात आणि माणसाने माणसाच्या श्रमावर जगावे हे न्याय्य आहे का, असा प्रश्न तो मित्रांना विचारतो.

ध्यानाचा प्रसार करणारे यातल्या पहिल्या दोन कथा सांगतात, चळवळीतले कार्यकर्ते शेवटची सांगतात, आणि अश्वघोष बिचारा संस्कृतच्या पाठ्यपुस्तकात पडून राहतो. वास्तविक कळीची गोष्ट त्याच्याकडे आहे. त्याच्या राजपुत्राचे चित्त शांत होते ते शेताकडे पाठ फिरवून नव्हे, तर शेतात काय चालले आहे ते नीट पाहिल्यानंतर. जगभर आज ‘माइंडफुलनेस’ या नावाने जे विकले जाते त्यात क्रम उलटा आहे. आधी डोळे मिटा, शांत व्हा, जमले तर नंतर पाहा. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे बौद्ध वस्ती गावोगाव आहे आणि त्या वस्तीतले बहुतेक हात पऱ्हाटीत म्हणजे कपाशीत राबतात, तिथे हा क्रम सुलटा करून घेण्याला फार महत्त्व आहे. बौद्ध साधनेतली ‘सती’ ही मन निववण्याची युक्ती म्हणून इथे फारशी कामाची नाही. पाहण्याची शिस्त म्हणून मात्र ती शेतात आणि परसात दोन्हीकडे उपयोगी पडेल, असे माझे म्हणणे आहे. आणि ती शिस्त बाहेरून आणावी लागणार नाही, कारण तिचा हंगाम इथे आधीच पाळला जातो.

तो हंगाम म्हणजे वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने विदर्भातल्या विहारांत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर निंदण करून आलेल्या बाया, डवरणी आटोपून आलेले गडी, शाळेतली पोरे जमतात; एकजण वाचतो, बाकीचे ऐकतात. वर्षावासाचे मूळही शेतीत आहे. पावसाळ्यात भिक्खू हिंडतात, कोवळे गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांची तक्रार आली म्हणून बुद्धांनी त्यांना चार महिन्यांतले तीन महिने एका जागी राहायला सांगितले, असे विनयपिटकातला महावग्ग सांगतो. म्हणजे पावसाळ्यात पावलाखाली काय येते याची दखल घ्या, हा आग्रह आधी लोकांनी धरला आणि मग तो संघाचा नियम झाला. यवतमाळच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने हेच तीन महिने खरिपाचे. पेरणी उरकलेली असते, मग डवरणी, निंदण, खत, फवारणी, आणि अश्विन पौर्णिमेच्या आगेमागे बोंडे फुटून पहिली वेचणी.

2017 साली वर्षावास 9 जुलैला सुरू झाला आणि 5 ऑक्टोबरला संपला. याच मुदतीत यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि विसाहून अधिक माणसे दगावली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ती बातमी देशभर पोहोचली, विशेष तपास पथक नेमले गेले, काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी आली. कारणे एकात एक गुंतलेली होती. त्या साली पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे नोझल वर धरून फवारावे लागे आणि फवारा तोंडावर, मानेवर उतरे. बॅटरीच्या पंपांनी थेंब बारीक केला होता. दोन-तीन औषधे एकत्र कालवण्याची रीत पडली होती. दमट उकाड्यात मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे कोणाला सोसत नव्हते, आणि अनेकांकडे ते नव्हतेच. बीटी कपाशीला न जुमानणारी बोंडअळी, तिच्या धास्तीने वाढलेल्या फवारण्या आणि सल्ल्याला जवळ असलेले एकमेव ठिकाण म्हणजे कृषी केंद्राचे काउंटर, हे सगळे त्यामागे होतेच. सकाळी विष फवारायचे आणि संध्याकाळी विहारात वाचन ऐकायचे, अशा रीतीने एकाच गावात दोन गोष्टी शेजारी शेजारी चालल्या आणि त्यांची गाठ पडली नाही. ती का पडू नये?

गाठ पडायची तर ‘सती’ या शब्दापासून सुरुवात करावी लागते. मराठीत आपण तिला सम्यक स्मृती म्हणतो, आणि स्मृती म्हटले की पाठांतर डोळ्यांपुढे येते. ‘सजगता’ हा अलीकडचा शब्द कार्यशाळेतल्या सतरंजीवरच बसलेला वाटतो. मला विचाराल तर वऱ्हाडातला ‘जागल’ हा शब्द सतीच्या सर्वांत जवळचा आहे. रानडुकरे आणि रोही पीक खातात म्हणून माणूस मचाणावर रात्र काढतो, ती जागल. त्यात झोपायचे नसते आणि उगाच ओरडायचेही नसते. कानाला काय ऐकू येते, कुठल्या धुऱ्याकडून येते, हे ओळखायचे असते. बुद्धांनी सतीला सीमेवरच्या नगराच्या दारपालाची उपमा दिली आहे, तीही याच जातीची. सुत्तनिपातात कसिभारद्वाज नावाच्या शेतकरी ब्राह्मणाने त्यांना टोमणा मारला आहे की मी नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तुम्हीही तसेच करा. उत्तरादाखल बुद्ध स्वतःच्या शेतीची अवजारे सांगतात, आणि त्या यादीत सतीला जागा मिळते ती फाळाची आणि पराणीची. जमिनीत शिरतो तो फाळ आणि बैलाला तासावर ठेवते ती पराणी, म्हणजे वऱ्हाडातली तुतारी. निवांत बसण्याशी या दोन्ही वस्तूंचा काही संबंध नाही. सतिपट्ठान सुत्तातही हाच बाज आहे. जाता-येता, वाकता, हात लांबवता, खाता-पिता काय चालले आहे ते जाणावे, असे तिथे सांगितले आहे, आणि देहाचे भाग निरखण्यासाठी दिलेला दाखला आहे धान्याच्या थैलीचा. साळ, मूग, उडीद, तीळ कालवलेली थैली उघडून माणूस म्हणतो, हे मूग, हे उडीद. सूप हातात घेऊन दारात बसलेली कोणतीही बाई हे सुत्त न वाचता समजून घेईल.

आधुनिक माइंडफुलनेसने या परंपरेतून श्वासाचे निरीक्षण उचलले आणि तेवढेच पुरे मानले. जॉन कबाट-झिन यांनी 1979 साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकाळ दुखणी भोगणाऱ्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला, तिथून ही लाट निघाली. तिचे मोल तपासले गेले आहे आणि ते बेताचेच निघाले आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या 47 चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यात चिंता, नैराश्य आणि वेदना यांत थोडी ते मध्यम सुधारणा दिसली. पण व्यायाम किंवा औषधे यांच्यापेक्षा ध्यान सरस ठरल्याचा पुरावा मिळाला नाही. ब्रिटनमधल्या आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2022 साली आले. शाळेत दिलेल्या अशा शिक्षणाने मुलांच्या मानसिक आरोग्यात नेहमीच्या तासांपेक्षा अधिक फरक पडला नव्हता. महाराष्ट्रातल्या शाळांत ‘मित्र उपक्रमा’तून आनापान म्हणजे श्वासाचे निरीक्षण शिकवले जाते, त्याकडेही हे आकडे डोळ्यांसमोर ठेवून बघायला हवे. ध्यान फुकट आहे असा याचा अर्थ नव्हे. शांतता हे ज्याचे एकमेव माप, त्या ध्यानाकडून शेतकऱ्याने फार अपेक्षा ठेवू नये, एवढाच अर्थ.

माप बदलले की चित्र बदलते. सतिपट्ठानातली पहिली दोन क्षेत्रे आहेत काया आणि वेदना, म्हणजे देह आणि सुखदुःखाची जाणीव. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातल्या कीटकनाशकाची बाधा सुरू होते ती डोके जड होणे, मळमळ, घाम, लाळ सुटणे, डोळ्यांपुढे अंधुक येणे, स्नायू फडफडणे अशा खुणांनी. या सगळ्या खुणा भर उन्हात बारा-पंधरा लिटरचा पंप पाठीवर घेऊन चालणाऱ्या माणसाला रोजच्याच वाटतात. ‘ऊन लागलं’ म्हणून तो घोटभर पाणी पितो आणि उरलेले तास संपवतो. कायेकडे लक्ष देण्याची सवय इथे कोणत्या कामी येईल हे वेगळे सांगायला नको. आपल्या घामाचा रोजचा वास कसा, आज डोळे का चुरचुरतात, वारा कोणत्या अंगाने वळला, नोझलमधून थेंब मनगटावर कधीपासून पडतो आहे, हे ज्याला कळते तो पंप खाली ठेवण्याचा निर्णय अर्धा तास आधी घेऊ शकतो. विषबाधेत तो अर्धा तास मोलाचा असतो. बाटलीवरच्या त्रिकोणाचा रंग हाही पाहण्याचाच भाग: लाल म्हणजे अतिजहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. सोबतच्या माहितीपत्रकावरची अक्षरे मुंगीएवढी असतात, पण त्रिकोणाला अक्षरओळख लागत नाही.

पिकाकडे पाहण्याचेही तेच. गुलाबी बोंडअळीसाठी कृषिशास्त्रज्ञांची शिफारस अशी की कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री दर सापळ्यामागे सरासरी 8 पतंग सापडले, किंवा शंभरातली दहा फुले वा बोंडे किडलेली निघाली, तरच फवारणीचा विचार करावा. म्हणजे आधी मोजा. अळी फुलात शिरली की पाकळ्या आतून विणून टाकते, फूल उमलत नाही, डोमकळी होते. ती चालता चालता दिसते, पण दिसायला चाल मंद लागते. बोंडात शिरली की छिद्र बुजते आणि बोंड बाहेरून धडधाकट राहते. मग हिरवी बोंडे तोडून, फोडून पाहावी लागतात. शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढणे आणि वीस बोंडे फोडून मग ठरवणे, या दोहोंत खर्चाचा फरक आहे आणि जिवाच्या जोखमीचाही. पहिल्यात भीती निर्णय घेते. बौद्ध परिभाषेत बोलायचे तर वेदना उठते आणि लगेच हात चालतो. सतीचे काम त्या दोहोंच्या मध्ये उभे राहण्याचे आहे.

इंडोनेशियात हा प्रयोग देशव्यापी झाला. 1986 साली तिथल्या सरकारने भातावरच्या 57 कीटकनाशकांवर बंदी घातली, आणि 1989 पासून शेतकऱ्यांच्या शेतीशाळा भरू लागल्या. आठवड्यातून एकदा शेतात जायचे, किडी आणि मित्रकिडी मोजायच्या, चित्र काढायचे, चर्चा करायची आणि मग ठरवायचे. आपल्याकडे राज्य सरकारच्या पोकरा प्रकल्पात आणि कृषी खात्याच्या इतर योजनांत ‘शेतीशाळा’ आल्या त्या याच वळणाच्या. या शेतीशाळांच्या परिणामांवर अर्थशास्त्रज्ञांत वाद झाला, आणि त्या वादातला एक निष्कर्ष मला फार बोलका वाटतो. शाळेत गेलेल्या शेतकऱ्याकडून न गेलेल्या शेजाऱ्याकडे ही विद्या झिरपत नाही. बियाण्याचे नाव झिरपते, औषधाचे नाव तर वाऱ्यासारखे पसरते. पाहण्याची सवय मात्र सांगून देता येत नाही. ती ज्याची त्याने, आठवड्यामागून आठवडे, करून बघावी लागते. धम्माच्या अंगाने विचार करणाऱ्याला यात नवल वाटणार नाही.

आता आक्षेप. सर्वांत जोरदार आक्षेप आंबेडकरी विचारातूनच येतो आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाबासाहेबांनी ग्रंथाच्या प्रास्ताविकात विचारले आहे की भिक्खू निर्माण करण्यामागे बुद्धांचा हेतू कोणता, स्वतःत परिपूर्ण माणूस घडवण्याचा की लोकांची सेवा करणारा? नुसता परिपूर्ण माणूस धम्माच्या प्रसाराला निरुपयोगी, असा त्यांचा रोख आहे. सिद्धार्थाने घर सोडले ते म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून, ही कथाही त्यांनी नाकारली आणि त्याजागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत पेटलेला तंटा ठेवला. शेतीच्या पाण्याचा तंटा! या परंपरेत वाढलेल्या माणसाला कर्ज, भाव, बियाणे यांनी पिचलेल्या शेतकऱ्यापुढे ‘श्वासाकडे लक्ष द्या’ हा उपदेश क्रूर वाटला तर तो चुकत नाही. आत्महत्यांच्या प्रश्नावर सरकारने 2015 साली यवतमाळ आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत ‘बळीराजा चेतना अभियान’ सुरू केले, समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला. तेव्हाही दोष मनाचा नाही, बाजाराचा आहे, असे म्हणणारे होते. त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे. समुपदेशनाने कापसाचा भाव वाढत नाही; पण शेजारच्या अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत ‘विश्राम’ कार्यक्रमाने दीड वर्षात नैराश्यावर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण 4.3 टक्क्यांवरून 27.2 टक्क्यांवर नेले, हेही नोंदलेले आहे. मनाला मदत आणि मालाला भाव या मागण्या एकमेकींच्या सवती नव्हेत.

तरी आक्षेपाचा गाभा शिल्लक राहतोच: पाहिले, पण करायचे काय? चक्कर येते हे मजुराला कळले. पंप खाली ठेवला तर आजची मजुरी जाते आणि उद्या दुसऱ्याला बोलावतात. इथे एकट्याची सती लंगडी पडते हे मान्य करायला हवे. ‘काळजी घेतली नाही म्हणून विषबाधा झाली’ असे म्हणायला कंपन्यांना आणि कचेऱ्यांना आवडतेच, आणि सजगतेचा प्रचार त्यांच्या हातात आयते कोलीत देऊ शकतो. म्हणून हे स्पष्ट म्हणायला हवे की नीट पाहणे हे जबाबदारी झटकायचे साधन नसून ती ठरवायचे साधन आहे. कोणते औषध, कोणत्या दिवशी, कोणाच्या शेतात, किती तास, काय त्रास झाला, हे ज्यांच्या ध्यानात राहिले त्यांनाच पुढे काही विचारता आले. 2021 साली यवतमाळच्या विषबाधितांच्या बाजूने स्वित्झर्लंडमधल्या बासेलच्या न्यायालयात एका बहुराष्ट्रीय कंपनीविरुद्ध दावा गेला. अशा दाव्यात सगळे अडते ते याच तपशिलांवर. स्मृतीचा मूळ अर्थ आठवण हा आहे, तो इथे कामाला येतो.

दुसरा आक्षेप शास्त्राचा आहे: विनयात भिक्खूला जमीन खणायला आणि झाडपाला तोडायला मनाई आहे, मग बौद्ध साधना आणि बागकाम यांचे जुळणार कसे? मनाई भिक्खूंना आहे, उपासकांना नाही, एवढ्यावर खरे तर हा प्रश्न संपतो. शिवाय चीनमध्ये बौद्ध धम्म गेल्यावर आठव्या-नवव्या शतकात बाईझांगच्या परंपरेने मठातल्या भिक्खूंच्या हाती कुदळ दिली आणि ज्या दिवशी काम नाही त्या दिवशी जेवण नाही असा दंडक घातला. व्हिएतनामी भिक्खू थिच न्हात हान्ह यांनी 1982 साली फ्रान्समध्ये प्लम व्हिलेज वसवले, तिथे भांडी घासणे आणि भाजी लावणे हीच साधना मानली जाते. त्यांचे लिखाण गोड आहे. कर्जाची नोटीस आलेल्या घरात भांडी घासणे त्या गोडीने होत नाही, इतकेच.

या शेवटच्या कारणासाठी मला सुरुवातीला कपाशीपेक्षा परसबाग महत्त्वाची वाटते. कपाशीत घाई दुसरा कोणी ठरवतो: बँक, सावकार, पाऊस, व्यापारी. परसातल्या वालाला, दोडक्याला, अंबाडीला, सांभाराच्या वाफ्याला कोणाची मुदत नसते. मोरीचे सांडपाणी वळवायचे, भाजीच्या देठांचे खत करायचे, मावा आला तर पानाची खालची बाजू बघायची, दोन दिवस थांबून ढालकिडे येतात का ते पाहायचे. इथे चुकले तर एका वेळची भाजी जाते. पऱ्हाटीत चुकले तर वर्ष जाते. म्हणून थांबून बघण्याची हिंमत परसात लवकर येते. राज्याच्या ‘उमेद’ अभियानाच्या बचत गटांतून पोषण परसबागा गावोगाव लागल्या आहेत, त्यांचा हेतू आहार सुधारण्याचा आहे, पण पाहण्याची सवय हे त्यांचे न मोजलेले उत्पन्न आहे. एक सावधगिरी मात्र हवी. निंदण, वेचणी, चूल, पाणी यांवर आणखी एक काम बाईच्या डोक्यावर चढवायचे आणि त्याला साधना म्हणायचे, हा लबाडपणा होईल. परसात घरातल्या पुरुषाने बसावे. फवारणीचा पंप बहुतेक त्याच्याच पाठीवर असतो, तेव्हा पानाखाली बघायला शिकण्याची गरजही त्यालाच जास्त आहे.

पाहून शेती बदलता येते याचा दाखला जिल्ह्यातच आहे. यवतमाळचे सुभाष शर्मा यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. रासायनिक शेतीत खर्च चढत आणि उत्पन्न उतरत गेले तेव्हा 1994 पासून त्यांनी रसायने सोडली. त्यांच्या कामाचा बौद्ध साधनेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. लक्षात घेण्याजोगे हे की माती, पाणी, झाडे, पक्षी यांच्या बरोबरीने मजुरांच्या श्रमाचे नियोजन हाही त्यांच्या पद्धतीचा पाया आहे. शेत पाहायचे तर त्यात राबणारा माणूसही दिसला पाहिजे, या अश्वघोषाच्या मुद्द्यापाशीच ते दुसऱ्या वाटेने पोहोचतात.

वर्षावास संपतो त्या दिवशी संघात पवारणा होते. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू एकमेकांना आमंत्रण देतात: माझ्या हातून काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तशी शंका आली असेल, तर सांगा. थोरला भिक्खूही यातून सुटत नाही. आपल्या विहारांत अश्विन पौर्णिमेला ग्रंथवाचनाची सांगता होते, खीर वाटली जाते, भाषणे होतात. विहार समित्यांना विनंती एवढीच आहे की पुढच्या वर्षी त्या संध्याकाळी भाषणे अर्ध्या तासाने कमी करावीत आणि या खरिपात फवारणी करताना कोणाला काय झाले, कोणाच्या शेतात, कोणत्या औषधाने, कोणी मजुराला थांबू दिले आणि कोणी नाही, हे पाहिलेले, ऐकलेले आणि शंका आलेले सगळे सर्वांसमक्ष बोलावे, आणि वहीत लिहून ठेवावे.